कोल्हापूर ते मँचेस्टर, दोन लहान मुलांसह: एका आखाती विमानसेवेचे परीक्षण

लहान मुलांना घेऊन लांबचा विमानप्रवास करणाऱ्यांनी तिकिटाचा दर आणि सीटसमोरच्या पडद्यावरील कार्टूनची संख्या पाहण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात, असे माझे मत या प्रवासानंतर पक्के झाले आहे: मधल्या विमानतळावर किती वेळ मिळतो, आणि तिथे बाबागाडी हातात मिळते की नाही. माझे पती, पाच वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि मी असे चौघे मुलांच्या आत्याकडे मँचेस्टरला जाऊन आलो. मुंबईहून निघून आखातातील एका शहरात विमान बदलायचे आणि पुढे इंग्लंड गाठायचे, अशी ही सेवा होती. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. तिकीट काढण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत एवढे कळले तरी वाचकांचे काम होईल.

आपल्याकडून निघणाऱ्यांची मुले मुंबईचे विमानतळ गाठेपर्यंतच निम्मी दमलेली असतात, ही गोष्ट मुंबईकरांनी लिहिलेल्या परीक्षणांत कुठेच सापडत नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबईला विमानाने तासाभरात पोहोचता येते आणि २०२४ मध्ये उद्घाटन झालेली उजळाईवाडीची नवी टर्मिनल इमारत मुलांना घेऊन वावरायला ऐसपैस आहे. परंतु हे तिकीट वेगळे काढले की सामानाची मर्यादा साधारणपणे माणशी १५ किलोवर येते, आणि ते विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकले तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुले रात्रभर आडवी होऊन झोपतात, म्हणून तो मार्ग मला सर्वांत सुखाचा वाटतो, पण गाडी मुंबईत सकाळी पोहोचते आणि आमचे विमान पहाटेचे होते, म्हणजे मधला अख्खा दिवस कोणा नातेवाइकाकडे काढावा लागला असता. शेवटी आम्ही मोटारीने गेलो. सातारा-कागल टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळणरस्ते काढलेले होते, खंबाटकी घाटात मुलीला गाडी लागली, आणि विमानासाठी जपून ठेवलेला तिचा कपड्यांचा जादा जोड पुणे यायच्या आतच वापरून झाला.

तिकिटांबाबत थोडक्यात सांगते. दोन वर्षांखालील बाळाला स्वतंत्र सीट नको असेल, तर आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे भाडे साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के पडते आणि कर वेगळे लागतात. प्रवासाच्या काळात बाळाला दोन वर्षे पूर्ण होणार असतील, तर निदान परतीसाठी सीट विकत घ्यावी लागते, म्हणून तारखा ठरवताना वाढदिवस पाहावा. इंग्लंडहून निघताना लागणारी एअर पॅसेंजर ड्यूटी, म्हणजे तिथला विमानप्रवासावरचा कर, इकॉनॉमी वर्गातील १६ वर्षांखालील मुलांना माफ आहे. परतीच्या तिकिटात ती मुलांच्या नावावर लावलेली नाही ना, हे एजंटाकडून तपासून घ्यावे. भारतीय विमान कंपन्यांनी १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी बसवावे, असे डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, एप्रिल २०२४ मध्ये सांगितले आहे. आमच्या कंपनीने मात्र शेजारशेजारच्या सीट निवडण्याचे पैसे घेतले.

बॅसिनेटविषयी, म्हणजे विमानातल्या पाळण्याविषयी, सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जाहिरातींत सर्वांत जास्त भाव त्यालाच असतो. हा पाळणा पुढच्या भिंतीला अडकवतात, त्यामुळे तो फक्त भिंतीलगतच्या रांगेतल्या प्रवाशांना मिळतो आणि एका विमानात असे पाळणे मोजकेच असतात. संकेतस्थळावर आपण नोंदवतो ती केवळ मागणी असते. फोनवरील प्रतिनिधीने ‘जागा पक्की आहे’ असे दोनदा सांगितले होते, तरी मुंबईच्या काउंटरवर ती रांग आमच्या नावावर नव्हती, आणि ती मिळवण्यासाठी झोपेने पेंगुळलेल्या दोन मुलांना सांभाळत बराच वेळ उभे राहावे लागले. कंपनीची वजनाची मर्यादा ११ किलो असून मुलगा त्यात बसत होता. उंचीत मात्र तो बसेना. लहान बुट्टीत ऊस ठेवावा तसे त्याचे पाय बाहेर आले. विमान स्थिरावल्यावर कर्मचारी मुलीने खिळ्या अडकवून पाळणा लावला, त्यावर स्वच्छ चादर घातली, आणि मांडीवर झोपलेल्या मुलाला मी श्वास रोखून त्यात ठेवले. तेवढ्यात टिंग असा आवाज होऊन पट्ट्याचे चिन्ह उजळले. हवेचे धक्के बसू लागले की बाळाला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यावे आणि आपल्या पट्ट्याला जोडलेल्या छोट्या पट्ट्याने बांधावे, असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या रात्री हे चिन्ह वरचेवर उजळत राहिले आणि दर खेपेस मुलगा रडत उठला. भिंतीलगतच्या रांगेचे आणखी एक लक्षात घ्यावे: तिथे ट्रे आणि पडदा सीटच्या हातांत बसवलेले असल्यामुळे ते हात वर उचलता येत नाहीत, म्हणजे थोरल्या मुलाला दोन सीटवर आडवे झोपवणे अशक्य होते; समोर सीट नसल्याने उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सगळे सामान वरच्या कप्प्यात जाते, आणि दुधाची बाटली नेमकी तिथेच राहते. सहा-आठ महिन्यांच्या बाळासाठी पाळणा वरदान आहे. वर्षापुढील मुलासाठी त्याच्या मागे लागू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

कानदुखीबद्दल आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आधीच समजावले होते. विमान कितीही उंच उडत असले तरी आतला हवेचा दाब साधारणपणे १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका राखला जातो, म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या शिखराहूनही आपण वरच असतो. उतरताना हा दाब वाढत जातो आणि कान व घसा यांना जोडणारी बारीक नळी गिळण्याच्या क्रियेने उघडली नाही, तर कानाच्या पडद्यावर ताण येतो. मोठी माणसे जांभई देतात, बाळाला ते सुचत नाही. यासाठी दूध उड्डाणाच्या वेळी सगळे संपवू न देता उतरण्यासाठी राखून ठेवावे, आणि विमान खाली येऊ लागले की, म्हणजे जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी, झोपलेल्या बाळालाही उठवून पाजावे. इथे कंपनीला पूर्ण गुण द्यावे लागतील: उतरण्याची घोषणा होण्याआधीच कर्मचारी मुलगी आपणहून कोमट पाणी घेऊन आली आणि ‘आता दूध तयार करा’ असे तिने सांगितले. मुलाला सर्दी झालेली असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवलेले बरे.

जेवणाचे मत संमिश्र आहे. मुलांचे जेवण आधी नोंदवावे लागते आणि ते मोठ्यांच्या आधी येते, ही सोय उत्तम. आमच्या ताटलीत पास्ता, उकडलेल्या भाज्या, फळे आणि चॉकलेट होते. मुलीने चॉकलेट खाल्ले आणि बाकीचे बापाकडे सरकवले. घरून नेलेले राजगिऱ्याचे लाडू, दशम्या आणि तिखट न घातलेला भडंग यांवरच तिचा प्रवास झाला, आणि मेतकूट-भात कालवायला गरम पाणी मागितले तेव्हा ते कुरकुर न करता मिळाले. बाळाच्या दुधाला सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरची मर्यादा लागू होत नाही, मात्र बाटली वेगळी काढून दाखवावी लागते. आत्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे न्यायचा मोह आवरावा, कारण भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला त्यात सवलत आहे. अख्खे सुके खोबरेही विमानात चालत नाही. ते ज्वालाग्राही मानले जाते, हे चटणीसाठी खोबऱ्याच्या वाट्या बांधून देणाऱ्या सासूबाईंना पटवणे हा या प्रवासातला एक वेगळाच टप्पा होता.

खरी परीक्षा विमान बदलताना झाली. मुंबईत विमानाच्या दारापाशी आम्ही बाबागाडी सोपवली तेव्हा ती पुढच्या विमानतळावर दारातच परत मिळेल, असे चिठ्ठी लावणाऱ्याने सांगितले होते. प्रत्यक्षात ती थेट मँचेस्टरला रवाना झालेली होती. स्थानिक वेळेनुसार भल्या पहाटे, दोन विमानांमध्ये जेमतेम दीड तासाचे अंतर असताना, अर्धवट झोपेतला मुलगा माझ्या कडेवर आणि मुलगी वडिलांच्या पाठीवर अशा अवस्थेत आम्ही पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहिलो. ‘आई, आत्याचं घर आलं काय?’ हा मुलीचा प्रश्न रांगेतल्या एका पंजाबी आजींना भाषा न समजताही कळला असावा, कारण त्यांनी आम्हाला पुढे काढले. कर्मचाऱ्यांनी तसे काही केले नाही. त्या विमानतळावर मुलांसाठी खेळण्याची जागा आहे, बाळाला दूध पाजायची शांत खोली आहे, मागितल्यास वापरायला बाबागाडीही मिळते. पण या सगळ्याचा उपयोग ज्यांच्या हातात तीन-चार तास आहेत त्यांना. दीड तासाच्या थांब्यात यांतले काही दिसतही नाही. असा थांबा दाखवणारे तिकीट संकेतस्थळावर ‘जलद’ म्हणून सर्वांत वर येते, आणि लहान मुले असलेल्या कुटुंबालाही तेच सुचवले जाते, हा या सेवेतला सर्वांत मोठा दोष मी मानते.

त्यापुढचा सुमारे सात तासांचा टप्पा दिवसाचा असूनही सोपा गेला. मुलीला पडद्यावरील चित्रपटांपेक्षा विमान कुठे आले आहे ते दाखवणारा नकाशा जास्त आवडला, आणि कंपनीने दिलेली रंगकामाची वही नंतर मोठ्या आवडीने भरली गेली. मुलांच्या कानांवर मोठ्यांचे हेडफोन टिकत नाहीत, म्हणून लहान मापाचे घरून न्यावेत. डायपर बदलण्याची फळी शौचालयात कमोडच्या वर उघडते. तिच्यावर दीड वर्षाच्या हातपाय झाडणाऱ्या मुलाला आडवे करणे जिकिरीचे असल्यामुळे ओढून घालायचे पँटसारखे डायपर घेतले होते आणि ते उभ्याउभ्या बदलता आले. विमानातील हवा फार कोरडी असते, तेव्हा मुलांना घोट घोट पाणी देत राहावे आणि ओठांना तूप लावावे.

मँचेस्टरला बाबागाडी सामानाच्या पट्ट्यावर आली, तिचे एक चाक वाकलेले होते. तक्रार तिथल्या तिथे नोंदवून छायाचित्र काढले, म्हणून कंपनीने नंतर भरपाई दिली. घरी जाऊन तक्रार करणाऱ्यांचे काम कठीण होते. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्या साडेचार तास मागे असल्यामुळे सुरुवातीला मुले पहाटे तीनला ताजीतवानी होऊन बसत. परतताना आम्ही जास्तीचे पैसे मोजून साडेचार तासांचा थांबा घेतला, त्यात मुले खेळली, जेवली, एक झोपही झाली, आणि त्याच कंपनीची तीच सेवा निराळी वाटली.

हवेतली वागणूक उत्तम, जमिनीवरची बेताची, अशी ही सेवा आहे, आणि लांबचा थांबा मिळत असेल तर मी तिने पुन्हा जाईन. पाळण्याची विनवणी मात्र करावी लागणार नाही, कारण तोवर धाकट्याला दोन वर्षे पूर्ण झालेली असतील आणि त्याची सीट विकतच घ्यावी लागेल.