हलके शरीर की भारदस्त शरीर: खडतर लष्करी निवडीपूर्वी वजन कोणत्या दिशेने न्यावे?

विशेष दलांच्या निवडप्रक्रियेची तयारी सुरू झाली की वजनाचा प्रश्न प्रामुख्याने दोन प्रकारच्या उमेदवारांना छळतो. एक असतो साधारण 62 किलोचा, लांब पल्ल्याच्या धावण्यात तरबेज, परंतु पाठीवर ओझे चढताच खांद्यांतून आणि कमरेतून खचणारा. दुसरा असतो 90 किलोचा, व्यायामशाळेत भरपूर वजन उचलणारा, मात्र सहा-सात किलोमीटर वेगाने धावायचे म्हटले की दम लागणारा. पहिल्याला जो भेटेल तो अंग भरायला सांगतो, दुसऱ्याला उतरवायला. हे सल्ले चुकीचे नसले तरी अपुरे आहेत, कारण वजनातील किती भाग काम करणारा आहे आणि किती भाग नुसता वाहून न्यावा लागणारा आहे, याचा त्यांत विचारच नसतो.

धावणे आणि स्वतःच्या शरीराचे वजन उचलणे या दोन कसोट्यांवर हलक्या उमेदवाराचे पारडे उघडपणे जड आहे. अमेरिकी नौदलाच्या सील या विशेष दलाच्या प्रशिक्षणात बूट घालून 4 मैल 32 मिनिटांत धावावे लागतात. हा वेग किलोमीटरला साधारण पाच मिनिटांचा होतो, आणि तोही अनेकदा वाळूवर. सराव असलेल्या 62 किलोच्या धावपटूला यात विशेष काही वाटणार नाही. 90 किलोच्या उमेदवाराला मात्र प्रत्येक पावलागणिक 28 किलो जास्त उचलावे लागते. पुल-अपचेही तसेच आहे. चरबी कमी झाली की ताकद तेवढीच राहूनही आकडा वाढतो.

खरा पेच ओझ्यापाशी सुरू होतो. पाठीवरची पिशवी माणसाचे वजन पाहून भरली जात नाही. एसएएस या ब्रिटिश विशेष दलाच्या निवडीत वेल्समधील ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत शेवटचा लांबचा पल्ला सुमारे 64 किलोमीटरचा असतो आणि पाठीवर 25 किलोंच्या आसपास वजन असते. पाणी, अन्न आणि रायफल वेगळी. हे 25 किलो हलक्या उमेदवाराच्या वजनाच्या 40 टक्के भरतात, तर भारदस्त उमेदवाराच्या वजनाच्या केवळ 28 टक्के. एवढ्यावरून दुसरा सरस ठरवण्याची घाई अनेकजण करतात, परंतु ओझे वाहण्याच्या क्षमतेचा अंदाज अधिक नेमकेपणाने येतो तो चरबीविरहित वजनाला 'मृत वजनाने', म्हणजे चरबी आणि पिशवी यांच्या बेरजेने, भागल्यावर.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. 62 किलोच्या उमेदवाराची चरबी 10 टक्के धरली तर त्याचे चरबीविरहित वजन 55.8 किलो आणि पिशवीसह मृत वजन 31.2 किलो होते, गुणोत्तर 1.79. 90 किलोच्या उमेदवाराची चरबी 22 टक्के असेल तर हेच गुणोत्तर 1.57 येते. म्हणजे 25 किलोंच्या ओझ्याखालीसुद्धा बारीक उमेदवारच पुढे आहे. आता दुसऱ्याने चरबी उतरवून 82 किलो आणि 15 टक्क्यांपर्यंत मजल मारली, तर त्याचे गुणोत्तर 1.87 वर जाते आणि तो पहिल्याला मागे टाकतो. याउलट पहिल्याने पाच किलो कमावले आणि त्यातले बहुतांश स्नायूंचे असले, म्हणजे तो 67 किलो आणि 11 टक्क्यांवर आला, तरी त्याचे गुणोत्तर 1.84 पर्यंतच पोहोचते.

ओझे 40 किलोंवर गेले की हा फरक आणखी वाढतो. मूळ 62 किलोच्या उमेदवाराचे गुणोत्तर 1.21 वर घसरते आणि 82 किलोवाल्याचे 1.33 राहते. गस्तीवर शस्त्रसामग्रीसह असे ओझे वाहावे लागणे अजिबात दुर्मीळ नाही. त्यामुळे आपण ज्या निवडीला सामोरे जाणार आहोत, तिथे पिशवी किती किलोंची असते, हा प्रश्न वजनकाट्यावर उभे राहण्याच्या आधी विचारायला हवा. हे गणित ठोकताळा म्हणूनच वापरावे. उंची, पावलाची लांबी आणि ओझ्याचा सराव यांचा त्यात समावेश नाही. अमेरिकी लष्कराच्या रेंजर स्कूल या खडतर अभ्यासक्रमात 35 पौंडांसह 12 मैल 3 तासांत कापायचे असतात. ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपासचा हा वेग उंच माणूस झपाझप चालून गाठतो, तर बुटक्याला मधूनमधून धावावेच लागते.

थंडी आणि उष्णता यांचा कौल परस्परविरोधी आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते. त्यामुळे समुद्रात किंवा तलावात तासन्‌तास राहावे लागणाऱ्या प्रशिक्षणात अगदी रोडावलेला उमेदवार लवकर गारठतो आणि थोडी चरबी अंगावर असलेला अधिक वेळ तग धरतो. उन्हाळ्यातल्या लांब पल्ल्यात मात्र भारदस्त शरीर जास्त उष्णता निर्माण करते आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी असल्याने ती बाहेर टाकायला कमी पडते. तरीही उष्माघात केवळ वजनदार माणसालाच होतो अशा समजात हलक्या उमेदवाराने राहू नये. जुलै 2013 मध्ये ब्रेकन बीकन्समधील निवडीच्या एका पल्ल्यात उष्णतेमुळे तीन उमेदवार मृत्युमुखी पडले. निवडीपर्यंत पोहोचलेली ही माणसे तयारीतली होती.

शिल्लक साठ्याचा मुद्दा बहुतेकजण विसरतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रेंजर स्कूलच्या प्रशिक्षणार्थींवर झालेल्या अभ्यासांत आठ आठवड्यांत शरीराचे सरासरी सुमारे 16 टक्के वजन घटल्याचे आणि चरबी साधारण 14 टक्क्यांवरून 6 टक्क्यांच्या आसपास आल्याचे आढळले. झोप अपुरी, अन्न अपुरे आणि श्रम अखंड, अशा स्थितीत शरीर आधी चरबी जाळते आणि ती संपत आली की स्नायूंना हात घालते. जो उमेदवार सहा-सात टक्के चरबी घेऊन, आरशात अतिशय रेखीव दिसत, पहिल्या दिवशी हजर होतो, त्याची गंगाजळी दाखल होतानाच रिकामी असते. म्हणून दीर्घ प्रशिक्षणासाठी पुरुषांनी 12 ते 15 टक्क्यांच्या आसपास चरबी असताना दाखल होणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. स्त्रियांचा निरोगी पल्ला याहून बराच वर असतो. त्यांना हा आकडा लावू नये.

दुखापतींच्या बाबतीत दोन्ही टोके धोक्याची आहेत. भारदस्त उमेदवाराचे गुडघे, घोटे आणि तळवे प्रत्येक किलोमीटरला जास्त मार खातात. हलक्या उमेदवाराच्या हाडांना ओझ्याची सवय नसते, आणि त्यात तो कमी खात असेल तर नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला सूक्ष्म तडा जाण्याची शक्यता वाढते. वारंवार आजारी पडणे, झोप न लागणे आणि स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, ही शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नसल्याची लक्षणे असू शकतात. तिथे निर्धाराने आणखी सराव वाढवण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे.

निर्णयाकडे वळायचे तर हाती किती वेळ आहे यावर बरेच अवलंबून आहे. 90 किलोच्या उमेदवाराला आठ किलो उतरवण्यासाठी आठवड्याला अर्धा ते पाऊण किलोच्या गतीने तीन-चार महिने लागतात, आणि या काळात शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज 1.6 ते 2.2 ग्रॅम प्रथिने घेऊन वजन उचलण्याचा सराव चालू ठेवला तर स्नायू बऱ्याच अंशी टिकतात. 62 किलोच्या उमेदवाराला चार किलो स्नायू कमावण्यास सहा महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो. त्यामुळे तारीख चार महिन्यांवर असेल तर वजनदार माणसाला आपली बाजू बऱ्यापैकी सुधारता येते, पण हलक्या माणसाने तेवढ्या अवधीत अंग भरण्याच्या नादी लागून धावण्याची धार बोथट करू नये. पाय, कंबर आणि पाठ यांची ताकद वाढवावी आणि आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, ओझे घेऊन चालावे. पिशवीचे वजन, अंतर आणि वेग यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी.

मोजमापासाठी एकटा वजनकाटा पुरत नाही. खाणे घटवल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो उतरलेले दिसतात, कारण स्नायूंतील साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचे पाणी निघून जाते. चरबी तेवढ्या वेगाने जात नाही. त्यापेक्षा दर आठवड्याला सकाळी उपाशीपोटी बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर मोजावा आणि दर तीन आठवड्यांनी ठरावीक ओझे घेऊन, ठरावीक रस्त्यावर, 10 किलोमीटरला लागलेला वेळ टिपावा. घेर घटतो आहे आणि वेळही घटतो आहे, तर वजन उतरवण्याचा बेत बरोबर चालला आहे. घेर घटतो आहे पण वेळ वाढतो आहे, तर अन्न कमी पडते आहे किंवा विश्रांती. दोन्हींपैकी काहीही असो, दाखल होण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत उरलेले दोन किलो घटवण्याचा मोह सोडून पोटभर खावे आणि वजन आहे तिथेच राहू द्यावे.