सिक्स ॲक्सिस, सिक्स डॉफ आणि गेलेले १६,७४८ रुपये

ॲपवरची जाहिरात बघून व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी दृश्यं दाखवणारा डोळ्यांवर चढवायचा डबा, मागवला आणि फसलो. ‘स्वस्त दिसलं म्हणून भुललात’ हे आधीच कुणी ऐकवू नये. व्हीआर हेडसेटला १६,४९९ ही काही फुकटातली किंमत नाही. मोबाईल अडकवायचे डबे हजार-दीड हजारात मिळतात. त्यातलाच जिओडाइव्ह २०२३ मध्ये १,२९९ ला आला होता. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, ते जे आहेत तेच सांगून विकले जातात. वरच्या टोकाला मेटाचा क्वेस्ट ३एस. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत २९९.९९ डॉलरला निघाला, म्हणजे सीमाशुल्क आणि जीएसटी लागण्याआधीच पंचवीस हजारांच्या घरात. या दोन टोकांच्या मधे हे भामटे बसलेत. बेताचं बजेट घेऊन निघालेला माणूस नेमका तिथेच येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

जाहिरातीत होतं: स्टँडअलोन (फोन-कॉम्प्युटरशिवाय चालणारा), ४के सपोर्ट, सिक्स ॲक्सिस, दोन कंट्रोलर, १०० गेम मोफत. चॅटवर सरळ विचारलं, ‘सिक्स डॉफ आहे का?’ म्हणजे डोकं वळलेलं आणि सरकलेलं, दोन्ही हेडसेटला कळतं का. उत्तर आलं, ‘हो सर, सिक्स ॲक्सिस फुल ट्रॅकिंग.’

तिथेच चॅट बंद करायला हवं होतं. तिथेच! सिक्स ॲक्सिस म्हणजे वळणं मोजणाऱ्या जायरोस्कोपचे तीन अक्ष आणि त्वरण मोजणाऱ्या ॲक्सिलरोमीटरचे तीन. खिशातल्या साध्या फोनमध्येही बहुधा तेच असतात. त्यावरून डोकं कुठे वळलं ते कळतं, पुढे-मागे किती सरकलं ते कळत नाही. त्वरणावरून जागा काढायला गेलं की चूक साठत जाते आणि काही सेकंदांत हिशोब कोलमडतो. ती सुधारायला कॅमेरे लागतात. मेटाच्याच जुन्या क्वेस्ट २ च्या पुढच्या बाजूला चार कॅमेरे आहेत ते शोभेसाठी नाहीत. आमच्या या मालाच्या फोटोत समोर नुसतं चकचकीत काळं प्लास्टिक. त्यामागे कॅमेरे दडले असतील असं वाटलं, आणि तसं वाटण्यात काही मूर्खपणा नाही, कारण विक्रेत्याने लेखी ‘हो’ म्हटलं होतं. म्हणून सांगतो: स्टँडअलोन हेडसेटच्या समोरच्या भागाचा उजेडातला फोटो मागा, कॅमेरे बोट ठेवून मोजा, दिसले नाहीत तर विषय संपला. वस्तू हातात असेल तर डोळ्यांवर चढवा आणि कमरेतून पुढे वाका. समोरचं टेबल जवळ आलं पाहिजे. सगळं दृश्य तुमच्याबरोबरच पुढे सरकलं, तर तो थ्री डॉफ, नुसतं वळणं ओळखणारा.

‘४के सपोर्ट’ हीदेखील अशीच लबाडी. ४के व्हिडिओ फाइल चालते, एवढाच त्याचा अर्थ. डब्यात निघालेला पॅनेल, म्हणजे आतला स्क्रीन, २५६० बाय १४४० पिक्सेलचा, म्हणजे एका डोळ्याला १२८० बाय १४४०. क्वेस्ट २ आणि ३एस दोन्ही एका डोळ्याला १८३२ बाय १९२० देतात. प्रश्न नेहमी ‘एका डोळ्याला किती पिक्सेल आणि किती हर्ट्झ’ असा विचारा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते; इथे ६० निघालं. मान झटकन वळवली की चित्र मागून येतं आणि मळमळायला लागतं. दोन कंट्रोलर म्हणजे दोन ब्लूटूथ रिमोट, ज्यांना हात कुठे आहे याचा पत्ता नाही. १०० गेम म्हणजे फोनवरच्या गेमच्या चोरीच्या एपीके (ॲपच्या फाइली).

आता पैसे. ३,००० आगाऊ यूपीआयने, १३,४९९ पार्सल आल्यावर, आणि वर ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’चे, म्हणजे डबा उघडून बघून मग पैसे देण्याचे, २४९. आणणाऱ्या पोराला त्या ओपन बॉक्सचा गंधही नव्हता. आधी पैसे, मग डबा. पार्सलच्या पिशवीवर छापलेलं होतं: मोबाईल ॲक्सेसरी, मूल्य १,९९९. बिल नाही, जीएसटी क्रमांक नाही. पुढे विक्रेत्याने ‘४,००० परत घ्या आणि तक्रार मागे घ्या’ म्हणत क्यूआर कोड पाठवला. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. निदान तेवढं तरी वाचलं.

आणि मग सुरू झाली ती टोलवाटोलवी. पोलीस ठाण्यात म्हणे, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.’ एक सांगून दुसरंच गळ्यात मारणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मग कुणासाठी? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही फक्त पोचवतो. जाहिरात दाखवणाऱ्या ॲपकडून उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. सायबर तक्रार ‘वस्तूचा वाद’ असा शेरा मारून बंद. प्रत्येकाकडे पुढच्याचा पत्ता तयार, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचाच पत्ता कुणाकडे नाही!

तरीही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लगेच करा, पैसे पुढच्या खात्यात वळते व्हायच्या आत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो.

या बजेटमध्ये खरं घेण्यासारखं म्हणजे वापरलेला क्वेस्ट २, तोही समोरासमोर. विक्रेत्यासमोरच फॅक्टरी रिसेट करा आणि आपल्या खात्याशी जोडून बघा. त्याचे गेम त्याच्या खात्यावर असतात, त्यांचे जादा पैसे देऊ नका. पांढरा स्क्रीन लावून काळे-पिवळे डाग शोधा, भिंगातून ऊन शिरलं की पॅनेल जळतो. कंट्रोलरवरची अंगठ्याने हलवायची काडी न हलवता पात्र आपोआप चालत असेल तर काडी गेलेली. दोन भिंगांमधलं अंतर तीनच ठिकाणी लावता येतं, ५८, ६३, ६८ मिलिमीटर. चष्मेवाल्याकडून बुबुळांतलं अंतर मोजून घ्या.

कुरिअरने मागवलंच तर पिशवी कापण्याआधीपासून सलग व्हिडिओ काढा, लेबल वाचता येईल असं. बाहेरची पिशवी फेकू नका. दाव्याच्या नोटिशीला विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि माल परत करण्याचा म्हणून जो काही पत्ता असतो तो फक्त तिच्यावरच छापलेला असतो.