चामड्याच्या बांधणीतली खोटी वंशावळ

गेल्या वर्षी एका माणसाने आम्हाला 2,350 डॉलरला खोटे पूर्वज विकले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण लिहायला बसले ते दुसऱ्या कारणासाठी. त्या खोट्या पूर्वजाने आमच्या घरातल्या एका खऱ्या बाईची जागा घेतली होती, आणि ते आम्हाला कळायला आठ महिने लागले. परदेशात लग्न होऊन गेलेल्या आपल्या मुलामुलींना सासरची मुळं शोधायची हौस फार असते, मलाही होती. म्हणून झालं ते सगळं सांगते.

मी साताऱ्याची. लग्नानंतर नेब्रास्कात, लिंकन शहरात आले. नवऱ्याचं घराणं चेक. इथून तासाभरावर सलीन काउंटी आहे, तिथे विल्बरच्या बाजूला त्यांची शेती होती. त्या भागात दुकानांच्या पाट्यांवर अजून चेक आडनावं दिसतात. सासरे ऐंशी वर्षांचे व्हायचे होते आणि त्यांना एकच गोष्ट कळून घ्यायची होती, आपले पणजोबा कुठे पुरलेत? 1870 च्या दशकात बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, येऊन त्यांनी होमस्टेडची, म्हणजे वसून कसण्यासाठी सरकार द्यायचं ती, जमीन घेतली, एवढं घरात माहीत होतं. बाकी शिल्लक होती एक तुटकी जपमाळ आणि "पणजी फार कडक होती" हे एक वाक्य.

सासऱ्यांना मी कधीतरी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांबद्दल सांगितलं होतं. आजोबा गेल्यावर आम्ही तिथे गेलो, तेव्हा उपाध्यांनी गाव आणि आडनाव विचारलं, बाड काढलं, आणि माझ्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने मोडीत लिहिलेली ओळ समोर धरली. बाबा ती शाई बघत किती वेळ गप्प बसले होते. सासऱ्यांना ही गोष्ट इतकी आवडली की ते आल्यागेल्याला सांगायचे. माझ्या मनात तेव्हापासून बसलं होतं की वंशावळीचं काम करणारा माणूस खोटं लिहीत नाही. उपाध्ये पिढ्यान् पिढ्या तेच काम करतात, यजमान परत येणार हे त्यांना माहीत असतं. इंटरनेटवरच्या माणसाला आपण परत भेटणार नसतो, हा फरक माझ्या लक्षातच आला नाही.

तो माणूस एका ग्रुपवर सापडला. स्वतःला व्यावसायिक वंशावळकार म्हणवायचा, बोलायला अत्यंत गोड. पहिल्याच फोनवर त्याने माझ्याकडून सगळं काढून घेतलं: सासऱ्यांचं वय, वाढदिवसाची तारीख, घरात कोण काय सांगतं, कोणत्या गावचा उल्लेख होतो. नंतर त्याच गोष्टी 'शोधून काढल्या' म्हणून आम्हालाच परत दिल्या. आधी 400 डॉलर. मग म्हणाला, प्रागच्या अभिलेखागारात माणूस पाठवावा लागेल, परवान्याचे 600. मग चेक भाषांतराचे, मग बांधणीचे. पहिले 400 कार्डवर घेतले, पुढचे सगळे फोनवरून थेट खात्यात, मित्राला पाठवतो तसे. "कार्डवर माझं कमिशन कापलं जातं," असं म्हणाला आणि मला ते पटलंही.

याहून मोठी चूक म्हणजे नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या जन्मदाखल्यांचे फोटो मी त्याला पाठवले, सासूबाईंच्या माहेरच्या आडनावासकट. इथे बँका ओळख पटवायला कित्येकदा आईचं माहेरचं आडनाव विचारतात. वंशावळीसाठी जिवंत माणसांचे दाखले कोणी मागितले तर तिथेच थांबा. 1870 सालच्या माणसाचा शोध घ्यायला आजच्या माणसाचा जन्मदाखला लागत नाही.

वाढदिवसाच्या दहा दिवस आधी पुस्तक आलं. 84 पानं, चामड्याची बांधणी, सोनेरी कडा. पहिल्या पानावर घराण्याची ढाल, लाल रंगावर दोन शेपट्यांचा पांढरा सिंह. पणजोबा एका सरदार घराण्याचे धाकटे पुत्र, 1873 साली न्यूयॉर्कच्या बंदरात, स्थलांतरितांना उतरवून घेणाऱ्या एलिस आयलंडवर उतरले, 160 एकर जमीन केली, 1890 च्या जनगणनेत सहा मुलांसह नोंद, 1911 साली मृत्यू. मातीच्या घरासमोर उभ्या कुटुंबाचा फोटोही होता. पणजीबद्दल दीड ओळ, त्यात 'निष्ठावान पत्नी' हे दोन शब्द. समारंभात नवऱ्याने चार पानं मोठ्याने वाचून दाखवली. सासरे रडले. तो क्षण आठवला की मला आजही त्या माणसाचा संताप येतो.

पुस्तकात लिहिलेल्या दफनभूमीत कबर सापडेना. तिथल्या वहीत त्या आडनावाचं कोणीच नव्हतं. त्या माणसाला विचारलं तर "दगड गाडला गेला असेल" म्हणाला, आणि जमिनीखालची पाहणी करायला आणखी 700 मागितले. ते दिले नाहीत, एवढंच काय ते शहाणपण. तरीही पुस्तकावरचा विश्वास उडाला नव्हता. उन्हाळ्यात सासऱ्यांना घेऊन बिॲट्रिसजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात गेलो. 1 जानेवारी 1863 ला, होमस्टेडचा कायदा लागू झाला त्याच दिवशी, ज्याने पहिल्यांतला पहिला अर्ज केला म्हणतात त्या डॅनियल फ्रीमनची ती जमीन. पुस्तक सोबत होतं, कारण सासरे ते दाखवायला सगळीकडे न्यायचे.

तिथल्या माहितीच्या टेबलावर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी पानं उलटली, एका पानावर थांबल्या आणि हळू आवाजात मला विचारलं, "ही 1890 ची जनगणना तुम्हाला कुठून मिळाली?"

1890 ची जनगणना नाहीच. 1921 च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली, त्यात तिची बहुतेक पानं जळाली नाहीतर पाण्याने भिजली, आणि उरलेली पुढे सरकारनेच निकालात काढली. सव्वासहा कोटींच्या देशातली जेमतेम सहा हजार नावं वाचली. त्यांत नेब्रास्काचं एकही नाही. आमच्या पुस्तकातलं पान तर अगदी सुबक होतं, कोपऱ्याला चहाचा डाग असल्यासारखं पिवळं.

मग एकेक करून सगळं उसवत गेलं. एलिस आयलंड सुरू झालं 1892 मध्ये. 1873 साली न्यूयॉर्कला आलेला माणूस कॅसल गार्डनला उतरायचा. ढालीवरचा सिंह खुद्द बोहेमियाच्या राज्याचा, आजच्या चेक सरकारच्या मुद्रेतही तोच आहे, आमच्या शेतकरी घराण्याशी त्याचा काय संबंध? आणि फोटो! तो सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराच्या संग्रहातला निघाला. 1886 पासून हा माणूस घोडागाडीतून कॅमेरा घेऊन कस्टर काउंटीत फिरला, मातीच्या घरांसमोर माणसं उभी करून त्याने फोटो काढले. कस्टर काउंटी आहे राज्याच्या मध्यावर, आमच्या सलीनपासून कितीतरी लांब. म्हणजे इतके महिने आम्ही दुसऱ्याच कुणाच्या आजी-आजोबांना हार घालत होतो. खरंच घातला होता, मी, पाडव्याला.

सासरे बाकावर बसून होते. त्यांना काय सांगायचं ते सुचेना. त्या बाईच म्हणाल्या, "खरी फाइल बघायची का? नेब्रास्काच्या होमस्टेडच्या फाइल्स स्कॅन झालेल्या आहेत."

वीस मिनिटांत सापडली.

होमस्टेडची फाइल म्हणजे काय ते थोडं सांगते, आपल्याकडच्या माणसाला सातबारा आणि फेरफार माहीत असतो म्हणून लगेच समजेल. राष्ट्राध्यक्ष लिंकनने 20 मे 1862 रोजी या कायद्यावर सही केली. एकवीस वर्षांवरचा कोणीही किंवा कुटुंबप्रमुख, परदेशी असला तर नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला, 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन मागू शकत असे. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग दोन साक्षीदार आणून ते सिद्ध करायचं. तेव्हा मालकीची सनद मिळे. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हेही सांगायला हवं. या भागात ओटो-मिझुरिया आणि पॉनी हे मूळनिवासी लोक राहायचे, त्यांना करारांनी आणि सक्तीने हटवत नेलं. आमच्या पुस्तकात मात्र 'निर्जन गवताळ प्रदेश' असं लिहिलं होतं.

तर ही सिद्धतेची कागदपत्रं दप्तरात राहतात: अर्ज, साक्षी, नागरिकत्वाचा कागद, वर्तमानपत्रातल्या नोटिशीचं कात्रण. साक्षीत घराची लांबीरुंदी, दारं किती, विहीर आहे का, किती एकर नांगरली, सगळं विचारलेलं असतं.

आमच्या फाइलमध्ये अर्ज होता 1874 चा. जमीन 160 नाही, 80 एकर. रेल्वेला दिलेल्या पट्ट्यातल्या सरकारी तुकड्यांवर त्या काळात तेवढीच मिळायची, आणि आमची त्या पट्ट्यात होती. घर 14 बाय 16 फूट, एक दार, दोन खिडक्या. 1874 म्हणजे टोळधाडीचं वर्ष. साक्षीदार शेजारी सांगतो, पीक गेल्यावर नवरा रेल्वेच्या कामावर गेला, बायको मुलांना घेऊन जागेवरच राहिली. आणि पुढच्या पानावर: अर्जदार 1877 मध्ये वारला. 1880 ची अंतिम सिद्धता दिली आहे त्याच्या विधवेने.

म्हणजे 1911 पर्यंत जगलेला सरदारपुत्र कोणी नव्हताच. पस्तिशीच्या आत मेलेला एक शेतकरी होता, आणि त्याच्यामागे तीन लेकरं घेऊन, भाषा येत नसताना, जमीन नांगरून घेणारी त्याची बायको होती. कायद्याने विधवेला हा हक्क होता, तो तिने बजावला. नाहीतर ती जमीन गेली असती आणि आमचं घराणं कुठल्या कुठे असतं. घरात तिच्याबद्दल उरलं होतं ते 'कडक होती', आणि विकत घेतलेल्या पुस्तकात 'निष्ठावान'.

शेवटच्या पानावर तिची सही आहे. कारकुनाने वर इंग्रजी पद्धतीने नवऱ्याचं आडनाव लिहिलंय, वळणदार. खाली तिने स्वतः लिहिलंय ते चेक रीतीने, शेवटी 'ओवा' लावून, बायकांचं आडनाव तिकडे असतं तसं. अक्षरं मोठी, एकमेकांपासून सुटी, आणि शेवटच्या 'आ'वर चेक लिपीतली तिरकी रेघ, इतकी दाबून की शाई पसरलीय. सासऱ्यांनी स्क्रीनला बोट लावून ते आडनाव तिच्या पद्धतीने वाचलं. "माझी आजी असंच म्हणायची," एवढंच म्हणाले.

आता कामाच्या गोष्टी. जमिनीच्या सनदा संघराज्याच्या जमीन खात्याच्या संकेतस्थळावर नावाने फुकट शोधता येतात. बाकी राज्यांच्या फाइल्स राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येतात. चेक चर्चच्या नोंदवह्यांसाठी प्रागला माणूस पाठवायची गरज नाही. दक्षिण बोहेमियाच्या वह्या ट्रेबोनच्या अभिलेखागाराने नेटवर ठेवल्यात, परवाना वगैरे काही नसतो. त्यात घराचा नंबरही असतो, त्यावरून आम्हाला गाव आणि घर दोन्ही मिळालं. माणूस लावायचाच असेल तर जरूर लावा, चांगली माणसं आहेत. पण प्रत्येक कागद कुठल्या दप्तरातला, कुठल्या पानावरचा, हे लिहून मागा आणि एक तरी स्वतः उघडून पाहा. आमच्या 84 पानांत असा पत्ता एकाही कागदाला नव्हता. नावं इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने बदलली असं कोणी सांगितलं तरी सावध व्हा, कारण प्रवाशांची यादी जहाज सुटायच्या बंदरातच तयार व्हायची.

पैसे परत आले नाहीत. कार्डवरच्या तक्रारीची मुदत संपली होती, बाकीचे तर मीच माझ्या हाताने पाठवले होते. पोलिसांत आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार नोंदवली आहे. नवरा, सासरे आणि सासूबाई, तिघांच्याही नावावर क्रेडिट फ्रीज लावला, म्हणजे त्यांच्या नावावर दुसऱ्याला सहजी नवं कर्ज काढता येत नाही, तो फुकट असतो, असा दाखला गेला असेल तर आजच लावा. त्या माणसाचा फोन बंद आहे, ग्रुपवर तो दुसऱ्या नावाने परत आलाय असं एका बाईंनी कळवलं. तिलाही तोच सिंह मिळालाय.

पणजोबांची कबर अजून सापडलेली नाही. लाकडी क्रूस असेल तर सापडणारही नाही, हे सासऱ्यांनी आता मान्य केलंय. मला छळतंय ते वेगळंच. वाढदिवसानंतर चुलत नातेवाइकांनी त्या पुस्तकातलं सगळं आपापल्या ऑनलाइन वंशवृक्षांत भरलं, तिथून ते अनोळखी लोकांनी उचललं. मोजलं तेव्हा अकरा ठिकाणी तो सरदारपुत्र 1911 पर्यंत जगत होता. प्रत्येकाला मी फाइलची पानं जोडून लिहिते आहे, तिच्या सहीचं पान सगळ्यात वर ठेवून. सात जणांनी दुरुस्त केलं. चौघांचं उत्तर अजून आलेलं नाही, त्यांना या रविवारी परत लिहिणार आहे.