पेरू की बोलिव्हिया : आधी उंची बघा

मे महिन्याच्या सुट्टीत दक्षिण अमेरिका गाठायची म्हटलं की गाडी बहुतेक इथेच अडते : पेरूतलं इंका लोकांचं जुनं डोंगरी शहर माचू पिच्चू की बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान? देश शेजारी, टिटिकाका सरोवर दोघांचं सामाईक, म्हणून पुष्कळ जण पंधरा दिवसांत दोन्ही कोंबतात. तसं करू नका. एकच निवडा, आणि निवडताना फोटो बाजूला ठेवून आधी उंची बघा.

आपलं कळसूबाई १६४६ मीटर. पेरूत माचू पिच्चूला जाताना लागणारं कुस्को शहर ३४०० मीटरच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. बोलिव्हियातल्या ला पाझचा विमानतळ तर ४००० मीटरच्या वर. तिथे उतरून बॅग उचलली तरी धाप लागते, रात्री डोकं ठणकतं, जेवण जात नाही. पेरूत हळूहळू वर चढायची सोय आहे. लिमा समुद्रकाठी, तिथून आरेकिपाला २३०० मीटरवर दोन दिवस राहायचं, मग कुस्को. थेट कुस्कोला उतरलात तर त्याच दिवशी खाली ओल्यान्तायताम्बोला मुक्कामाला जा. माचू पिच्चूची रेल्वे तिथून मिळते, आणि माचू पिच्चू २४३० मीटरवर, कुस्कोपेक्षा बरंच खाली आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

बोलिव्हियातही सांता क्रूझहून सुक्रेमार्गे सावकाश जाता येतं. पण उयुनीची तीन दिवसांची जीप-सफर पुढे लाल पाण्याच्या लागुना कोलोरादा सरोवराकडे जाते, आणि त्या भागातला मुक्काम ४२०० मीटरच्या वर पडतो. जून-जुलैत तिथे रात्री पारा शून्याच्या खूप खाली असतो. आई-बाबा बरोबर असतील तर माझं मत सरळ पेरूला.

आता ऋतू. उयुनीचा तो आरसा, ज्यात आभाळ पायाखाली दिसतं, तो पावसाळ्यातला : साधारण जानेवारी ते मार्च. नेमका तेव्हाच माचू पिच्चूला धो धो पाऊस असतो. माचू पिच्चूला जाणारी पायवाट, इंका ट्रेल, फेब्रुवारीत बंदच ठेवतात. मे महिन्यात दोन्हीकडे कोरडं, स्वच्छ ऊन. मग उयुनीत आरसा मिळत नाही, पण दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या पांढऱ्या पटांगणावर मिठाच्या षटकोनी रेघा उमटलेल्या दिसतात. मला तेही कमी वाटत नाही. माचू पिच्चूची तिकिटं मात्र मर्यादित आणि ठरलेल्या वेळेची असतात. ती मिळाल्याशिवाय विमानाचं बुकिंग करू नका.

सोयींच्या बाबतीत पेरू पुढे आहे. बोलिव्हियात रस्ते आणि बस दमवतात. पण ला पाझमध्ये २०१४पासून शहरावरून धावणाऱ्या केबल कारमध्ये कामावर निघालेल्या बायाबापड्यांशेजारी बसून खालची विटांची घरं बघणं, हे पेरूत नाही.

शाकाहारी माणसाचं दोन्हीकडे बटाट्यावर भागतं, आणि बटाट्याचं माहेर हेच डोंगर. बाजारात काळपट, खडूसारखे हलके ‘चुन्यो’ दिसतील. बटाटे रात्री थंडीत गोठवायचे, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. मग ते वर्षानुवर्षं टिकतात. बोलिव्हियातलं शेंगदाण्याचं सूप आपल्या जिभेला लगेच पटतं, पण ते बहुधा मांसाच्या रश्शात शिजवतात. आधी विचारा.

कागदपत्रांत एक फरक : अमेरिकेचा किंवा शेंगेनचा (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) किमान सहा महिने चालणारा व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून दूतावासाकडून खात्री करा. पीतज्वराची लस मात्र दोन्हींसाठी घ्याच, निघण्याआधी किमान दहा दिवस. या देशांतून परतताना तिचं प्रमाणपत्र भारतातल्या विमानतळावर मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवतात. ते पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबरच ठेवा, बॅगेत नको.