जनावरांची वाट राखायची, पण पैसा थोडा: अंडरपास, रात्रबंदी की जमीन?

गावाशेजारून दोन जंगलांना जोडणारी जनावरांची जुनी वाट जाते आणि ती तुटत चालली आहे. अशा गावाने कशाचा आग्रह धरावा?

अंडरपास, म्हणजे रस्त्याखालून जनावरांसाठी सोडलेली वाट, चालतो याची खात्री नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात पटते. राष्ट्रीय महामार्ग 44 चौपदरी करताना मनसर-खवासा पट्ट्यात नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट सोडली. सर्वांत अरुंद वाट 50 मीटर, सर्वांत रुंद 750 मीटर. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून जाणारे 18 जातींचे प्राणी टिपले गेले. त्यात 11 वाघ होते आणि ते 89 वेळा दिसले. मात्र हा खर्च गावाच्या किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या आवाक्यातला नव्हे. तो रस्त्याच्याच अंदाजपत्रकात बसवून घ्यावा लागतो, तोही मंजुरीच्या वेळी; डांबर पडल्यावर फार उशीर होतो. पेंचच्या त्या नऊंपैकी चार तर छोटे पूलच आहेत. म्हणून माझा सल्ला असा, की ओढ्यावर पूल होणारच असेल तर पुलाचे गाळे (दोन खांबांमधली मोकळी जागा) वाढवून मागा आणि पाण्याच्या कडेने कोरडी वाट सोडायला लावा. वेगळ्या बांधकामापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं.

रात्रबंदीला बांधकामच लागत नाही. कर्नाटकातल्या बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गावर 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते. रुग्णवाहिका आणि मोजक्या बस तेवढ्या सोडतात. पण पर्यायी रस्ता हवा, आणि लोकांचा रोष वर्षानुवर्षं झेलायची तयारीही. पलीकडच्या, केरळातल्या वायनाडच्या बाजूने विरोध अजून थांबलेला नाही. जिथे दुसरा रस्ता नाही, तिथे हा विषय काढूच नये.

तिसरा मार्ग जमिनीचा, आणि थोड्या पैशांत मी तोच आधी धरेन. अंडरपासच्या तोंडाशी उद्या कुंपण किंवा प्लॉटिंग आलं, तर वरचं सगळं काँक्रीट वाया गेलं. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र होऊ शकतं. खासगी वा सामूहिक जमिनीवर मालकांच्या पुढाकाराने समुदाय राखीव क्षेत्र. दोन्हींत रहिवाशांचे हक्क कायम राहतात, हे ग्रामसभेत पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण लोकांना पहिली भीती विस्थापनाची वाटते आणि ती रास्त आहे. 2020 मध्ये सिंधुदुर्गातल्या तिलारीचं सुमारे 29 चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झालं. तरी तिथल्या दोडामार्ग तालुक्यात आसपासच्या खासगी जंगलावर रबर आणि अननसाच्या लागवडीचा रेटा आहेच. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली, ती तिथल्या वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गासाठीच.

तेव्हा सुरुवात सातबाऱ्यापासून करा. पावसाळा संपता संपता, माती ओली असताना, वनरक्षकाला आणि गुराख्यांना घेऊन ती वाट चाला, ठसे दिसतील तिथले गट क्रमांक लिहून घ्या. त्यातली सरकारी जमीन किती आणि कोणाच्या नावावर किती, हे कळलं की पुढचा अर्ज कुठे करायचा ते ठरतं.