पिंजरा एकदम धुवायचा की अर्धा-अर्धा? उंदीर हरकत घेत असेल तर

पाळीव उंदरांचा पिंजरा साफ करायच्या दोन रीती रूढ आहेत. एक म्हणजे आठवड्यातून एकदा सगळ्यांना बाहेर काढायचं, पिंजरा पार रिकामा करायचा आणि ट्रे, फळ्या, जाळी धुऊन नवं अंथरूण घालायचं. दुसरी फिरती सफाई. रोज थोडं आणि दोन-तीन दिवसांनी एकेक भाग. पिंजरा पूर्ण रिकामा कधीच होत नाही. शांत स्वभावाच्या जोडीला दोन्ही चालतात. प्रश्न येतो हरकत घेणाऱ्या उंदराचा. हात आत गेला की तो फडकं दातात धरून ओढतो, पाठीचे केस फुलवून आडवा येतो, मांडीवर असताना मऊ असतो आणि पिंजऱ्याच्या दारात मात्र बोटाला दात लावतो. अशा उंदरासाठी कोणती रीत घ्यावी, एवढ्यापुरतंच हे लिहितोय.

एकदम सफाईचे फायदे खरे आहेत. दोन मजली पिंजऱ्याला सव्वा ते दीड तास जातो, पण आठवड्यातून एकदाच. ट्रेच्या कडेखाली साचलेलं मूत, उंदराच्या झोपायच्या कापडी झोळीच्या हुकाला धरलेला गंज, दातांनी कोरून रंग उडालेली जाळीची तार, हे सगळं पिंजरा मोकळा असतानाच नजरेला पडतं. प्लास्टिकच्या फळीवर मूत वाळून पिवळट-पांढरी खपली धरते. ती साबणाने निघत नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात फडकं भिजवायचं, दहा मिनिटं खपलीवर ठेवायचं आणि मग जुन्या टूथब्रशने घासायचं. नंतर साध्या पाण्याने दोनदा धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. घरात फरशीसाठी फिनेल असतं म्हणून तेच पिंजऱ्याला लावू नये. त्याची वाफ उंदराच्या श्वासनलिकेला झोंबते. ब्लीच तर मुतावर ओतूच नये. मुतातल्या अमोनियाशी मिळून त्यातून क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो आणि ब्लीच व्हिनेगरशी मिळालं तर क्लोरीन.

मग अडतं कुठे? धुतलेल्या पिंजऱ्यात उंदीर परत सोडल्यावरचा पहिला अर्धा तास नीट पाहावा. तो खायला जात नाही, झोपायला जात नाही. मान लांब करून, पोट खाली टेकवून फळीच्या कडेकडेने चालतो आणि मागे बारीक थेंबांची ओळ सोडत जातो. शिडीच्या प्रत्येक पायरीवर थेंब, नव्या झोळीच्या मधोमध ओला डाग, पाण्याच्या बाटलीखाली पुन्हा थेंब. नर हे जास्त करतात, पण माद्याही करतात. जिथे एरवी तो फक्त कोपऱ्यातल्या ट्रेत मुतत होता, तिथे आता सगळा पिंजरा ओला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास आधीपेक्षा जास्त. कौल माझ्यापुरता इथेच लागला. दीड तास राबून वास वाढत असेल तर ती सफाई कशासाठी?

उंदराच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही नाही. त्याचं घर नजरेपेक्षा वासावर उभं असतं. घरटं, लपवलेले दाणे, कोपऱ्यातली खूण एका दुपारी गायब झाली, तर त्याला ते सगळं पुन्हा बसवावं लागतं. दर आठवड्याला हेच घडत गेलं की पुढे पुढे बादली दिसताच तो घरट्याच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. चावा त्या घरट्यासाठी असतो, तुमच्यावर राग म्हणून नसतो. डोळ्यांच्या कडेला किंवा नाकाला लालसर स्राव दिसला तर ते बहुतेक वेळा रक्त नसतं, पॉर्फिरिन म्हणजे डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं लाल रंगद्रव्य असतं. ताण आला की ते वाढतं. सफाईच्या दिवशी दिसत असेल तर दखल घ्यावी. सतत दिसत राहिलं तर आजाराचीही शंका घ्यावी.

पण म्हणून सफाई लांबवणं हा पर्याय नाही. ताज्या मुताला अमोनियाचा वास नसतो. ओल्या अंथरुणातले जिवाणू त्यातला युरिया फोडतात तेव्हा अमोनिया तयार होतो. बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा श्वसनाचा जंतू दबून असतो. अमोनियाने तो जोर धरतो. हवेत २५ पीपीएमपासून (दहा लाख भागांत २५ भाग) पुढे अमोनिया असताना हा आजार बळावतो, हे १९७६ सालीच प्रयोगांत दिसलं आहे. आपलं नाक घरच्या वासाला सरावतं, त्यामुळे बाहेरून घरी आल्याआल्या ट्रेच्या पातळीला नाक नेऊन पाहावं. उंदराचं नाक दिवसभर तिथेच असतं.

फिरती सफाई अशी लावता येते. रोज पाच ते दहा मिनिटं: मुताचा कोपरा किंवा लिटर ट्रे रिकामा करायचा, ओली भाजी आणि शिजलेला भात उचलायचा. दोन-तीन दिवसांनी फळ्या आणि जाळी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायच्या. आठवड्यातून एकदा तळाचं अर्धं अंथरूण काढायचं, या आठवड्यात डावं, पुढच्या आठवड्यात उजवं. काढलेल्या भागातलं कोरडं, लेंड्या नसलेलं ओंजळभर अंथरूण बाजूला ठेवून नव्यात मिसळायचं. ही ओंजळ विसरली की पुन्हा थेंबांची ओळ दिसते. झोळ्या दोन असतील तर एका दिवशी एकच बदलायची आणि तळ धुतला त्या दिवशी एकही नाही.

सगळ्यात जास्त भांडण दाण्यांच्या साठ्यावरून होतं. कोरडे दाणे तसेच राहू द्यावेत. घरटं आतल्या सामानासकट उचलायचं, खालचा ट्रे पुसायचा आणि त्याच जागी, दार त्याच दिशेला करून ठेवायचं. जागा बदलली की हरकत दुप्पट होते.

उंदीर आत ठेवून करायचं की बाहेर काढून? रोजचं काम आत ठेवूनच होतं. दार उघडण्याआधी हात धुवावेत, खाण्याचा वास राहू नये, आणि बोट जाळीतून कधीच घालू नये. वरच्या मजल्यावर मटाराच्या दोन शेंगा ठेवल्या तर त्या सोलून खाण्यात उंदीर चांगली दहा मिनिटं रमतो, तेवढ्यात खालचं उरकतं. फडक्याच्या मागे लागत असेल तर त्याला त्याचं स्वतःचं कोरडं चिंधूक द्यावं. तो ते घरट्यात नेतो आणि तुमचं सोडतो. अर्धं अंथरूण काढायच्या दिवशी मात्र बाहेर काढलेलं बरं. चावणाऱ्याला हाताने पकडू नये. चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा दारात धरला की तो आपणहून आत शिरतो, मग दोन्ही तोंडांवर तळहात ठेवून उचलायचं. हवेशीर खोक्यात जुनी झोळी घालून त्यात सोडायचं. मोरीत मोकळं सोडू नये, जाळी नीट बसलेली नसेल तर तो पाइपात जातो. उन्हाळ्यात खोकं गॅलरीतही नको. उंदराला घाम येत नाही, तो बराचसा शेपटीतून गार होतो आणि तिशीच्या वर तापमान गेलं की लवकर थकतो.

पावसाळ्यात दोन्ही रीतींची परीक्षा होते. कापडी अंथरूण दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वासाचं कापड घालण्यापेक्षा न घातलेलं बरं. जून ते सप्टेंबर कागदाच्या कापट्या वापरणं सोपं जातं. अंथरुणाची पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण गॅलरीत घुशी आणि घरउंदीर येतात आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यांच्या मुतातून पसरतात.

माझं मत फिरत्या सफाईकडे झुकतं, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. तरी ज्यांना रोजची दहा मिनिटं खरोखरच निघत नाहीत, त्यांनी अर्धवट फिरतीपेक्षा नेमाने एकदम धुणं चांगलं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्र्याचा ट्रे असेल तरीही तसंच, कारण मुताने तो गंजतो, वास धरतो आणि त्याला अधूनमधून पूर्ण धुवावंच लागतं. उवा किंवा माइट झाले, एखादा उंदीर आजारी पडून गेला, तेव्हाही अर्धं-अर्धं करून भागत नाही. अंथरूण टाकून द्यायचं, लाकडी फळ्याही टाकायच्या.

आणि एका कामाला एकदम सफाईला तोड नाही: नव्या उंदराची जुन्यांशी गाठ घालणं. जुन्याचा मालकीचा वास पुसला जावा हेच तेव्हा हवं असतं. दोघांना आधी तिसऱ्या जागी भेटवायचं. मग पिंजरा आतून-बाहेरून व्हिनेगरने धुवायचा, झोळ्या नव्या, फळ्यांच्या जागा बदललेल्या, घरटं काढून ठेवलेलं आणि जुन्या अंथरुणाची ती ओंजळ त्या दिवशी नव्यात मिसळायची नाही. दोघं एकाच झोळीत झोपायला लागले, की पुढच्या आठवड्यापासून परत डावी बाजू, उजवी बाजू.