पंचवीस लिटरचा टब: चौदा महिन्यांचा अनुभव

चौदा महिन्यांपूर्वी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी नाशिकच्या भांडी बाजारातून एक पांढरा प्लास्टिकचा टब आणला. त्यात साधारण २५ लिटर पाणी राहतं. सोबत २५ वॉटचा हीटर, छोटा हवेचा पंप, स्पंज फिल्टर, काचेचा थर्मामीटर आणि टबावर टाकायला जाळी. सगळं मिळून तेराशे-चौदाशे रुपये झाले. दिवाणखान्यात आमची तीन फुटी, शंभर लिटरची टाकी आहे. हा टब तिच्यासाठी आजारी खोली आणि नवीन माशांची वेगळी खोली, दोन्ही आहे. माशांसाठी आजवर जेवढा खर्च केला त्यातली सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती असं विचारलं, तर मी या टबाचंच नाव घेईन. त्याच्या अडचणीही आहेत, त्या पुढे सांगते.

टब आणायची वेळ एका चुकीमुळे आली. नोव्हेंबरच्या शेवटी मी बारा निऑन टेट्रा आणल्या आणि पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवून थेट सोडल्या. टाकीत आधीच सहा कोरी (तळाशी राहणारे छोटे, मिशीवाले मासे), दोन पर्ल गुरामी आणि दोन जुन्या निऑन होत्या. त्याच आठवड्यात हीटर बंद पडलेला आणि मी 'उद्या बघू' म्हणत होते. इथली थंडी सगळ्यांना माहीत आहे, शेजारच्या निफाडला तर पारा कधी कधी पाचाच्याही खाली जातो. टाकीतलं पाणी २१ अंशांवर आलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी निऑनच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले. संध्याकाळपर्यंत ते कल्ल्यांपर्यंत पोचले आणि मासे दगडांना अंग घासायला लागले. दहा दिवसांत बावीसपैकी चौदा मासे गेले. लेक रोज शाळेतून आली की दप्तर न काढता आधी टाकीजवळ जाऊन मोजायची. तिला आकडा सांगणं मला फार जड गेलं.

हा आजार म्हणजे पांढरे ठिपके, दुकानांत सगळे 'इक' म्हणतात. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसलेला एकपेशीय परजीवी. तिथे त्याच्यापर्यंत कुठलंही औषध पोचत नाही. पूर्ण वाढला की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती आवरण करतो आणि आत शेकडो तुकड्यांत विभागतो. ती पिल्लं बाहेर पडून पाण्यात पोहत मासा शोधतात. औषध किंवा मीठ त्यांना मारतं ते फक्त याच पोहण्याच्या काळात, आणि मासा सापडला नाही तर ती साधारण दोन दिवसांत मरतात. पाणी उबदार असेल तर हे सगळं चक्र चार-सहा दिवसांत फिरतं, थंड पाण्यात ते लांबतं. मी दोन दिवस औषध घालून ठिपके गेले म्हणून थांबले होते. खरं तर ते नुसते गळून तळाशी गेले होते.

टब आल्यावर उरलेले आठही मासे त्यात हलवले. मोठ्या टाकीत वॅलिसनेरिया आणि जावा फर्न आहे, त्या झाडांत मीठ घालणं मला टाळायचं होतं. टाकी दोन आठवडे माशांविना २८ अंशांवर चालू ठेवली. परजीवीला मासाच मिळाला नाही, की तिथला प्रश्न औषधाशिवाय मिटतो. टबात लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे एकूण ५० ग्रॅम खडे मीठ, तेही दोन दिवसांत थोडं थोडं विरघळवून. तापमान दिवसाला दोनेक अंशांनी चढवत ३० पर्यंत नेलं. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही दहा दिवस तसंच ठेवलं. त्यानंतर त्या आठांपैकी एकही मासा ठिपक्यांनी गेला नाही.

पण तिसऱ्या दिवशी वेगळंच संकट आलं. सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन भराभर तोंडं उघडत होते. स्पंज फिल्टर कोरा होता, त्यात जिवाणूच नव्हते. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात येत असतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नव्या फिल्टरमध्ये ही फौज उभी राहायला चार-सहा आठवडे लागतात. त्याच दिवशी थेंबांची तपासणी पेटी आणली. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. अमोनिया लिटरला एक मिलिग्रॅम. मग आठवडाभर रोज सकाळी आठ लिटर पाणी काढायचं, तितकंच त्याच तापमानाचं घालायचं आणि काढलेल्या पाण्याच्या हिशेबाने मीठ पुन्हा टाकायचं. मोठ्या टाकीतला जुना फिल्टरचा स्पंज कापून टबात टाकला, तेव्हा कुठे आकडा खाली आला.

म्हणून टब घेणार असाल तर ही एक गोष्ट आधी करा. मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात दोन जादा स्पंज कायम चालू ठेवा. नवीन मासे यायच्या दिवशी त्यातला एक उचलून टबात लावायचा. टबातून निघालेला स्पंज मात्र मोठ्या टाकीत परत टाकायचा नाही. मी तो उकळते, चार दिवस कडक उन्हात वाळवते आणि मगच रांगेत लावते. मासे धरायची जाळी आणि पाणी काढायची नळीही टबाची वेगळी. दोन्हींना मी लाल दोरा बांधलाय, म्हणजे घाईत हात चुकत नाही.

आता टबाच्या अडचणी. पांढऱ्या टबात मासा फक्त वरून दिसतो. वरून बघितल्यावर पोट फुगलंय का, खवले उभे राहिलेत का एवढं कळतं, पण बाजूचे पर, कल्ल्यांचा रंग, गुदद्वार यांतलं काही दिसत नाही. यावर उपाय म्हणून मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी वापरते. एक दिवसाआड मासा अलगद बरणीत घ्यायचा, खिडकीशी धरून मिनिटभर दोन्ही बाजूंनी बघायचा आणि सोडायचा. दुसरीकडे पांढऱ्या तळाचा फायदाही मोठा. वाळू नाही, झाडं नाहीत, त्यामुळे उरलेलं खाणं, विष्ठेचा रंग, पडलेला जंत, सगळं स्पष्ट दिसतं. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लांबलचक दिसायला लागली, की पोटात काहीतरी बिघडलंय हे चार दिवस आधी कळतं.

त्या बरणीने माझी मोठी टाकी वाचवली. मार्चमध्ये लेकीसाठी सहा गप्पी आणल्या. चपळ, रंगीत, खाण्यावर तुटून पडणाऱ्या. मी नवीन मासे २८ दिवस टबात ठेवते. दुकानदार दादा म्हणालेही, "ताई, आठवडा बास झाला, एकदम ठणठणीत माल आहे." बाराव्या दिवशी बरणीत एका मादीच्या गुदद्वारातून लाल, केसाएवढे तीन-चार दोरे बाहेर आलेले दिसले. ती पुढे पोहली की आत जायचे, थांबली की पुन्हा बाहेर. हे कॅमॅलॅनस नावाचे जंत. आतड्याच्या भिंतीला धरून रक्तावर जगतात, म्हणून लाल. ते जिवंत पिल्लं सोडतात आणि ती पिल्लं खाऊन बाकीच्या माशांना लागण होते. आठवड्यात सोडल्या असत्या तर सगळी टाकी गेली असती.

यावर लेव्हामिसोल लागू पडतं. जनावरांच्या औषधांच्या दुकानात ते जंताचं औषध म्हणून मिळतं. लिटरला दोन मिलिग्रॅम शुद्ध औषध, म्हणजे माझ्या टबाला ५० मिलिग्रॅम, चोवीस तासांसाठी. पाकिटावर औषधाचं प्रमाण किती टक्के लिहिलंय ते वाचून गणित करावं लागतं, मी ते पशुवैद्यांकडून तपासून घेतलं. उजेडात हे औषध बिघडतं, म्हणून टबावर जाड चादर टाकली. या औषधाने जंत मरत नाहीत, त्यांचे स्नायू आखडतात आणि पकड सुटते. म्हणून दुसऱ्या दिवशी तळ नळीने नीट ओढून काढायचा आणि बहुतेक पाणी बदलायचं, नाहीतर मासे तेच पुन्हा खातात. तळाशी मी एकोणीस लाल दोरे मोजले. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा तेच केलं. गप्पी टबात एकूण सात आठवडे राहिल्या. एक मादी गेली, पाच जगल्या, आणि आता त्यांची नातवंडं मोठ्या टाकीत आहेत.

उन्हाळ्यात टबाची दुसरी मर्यादा कळली. शंभर लिटर पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, पंचवीस लिटरचं तसं नाही. मे महिन्यात दुपारी टब ३२ अंशांवर आणि पहाटे २७ वर असायचा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर, तर ३० ला साडेसातच्या आसपास. आजारी कल्ल्यांना हा फरक जाणवतो. टबावरून छोटा टेबल फॅन फिरता ठेवला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. रोज तांब्याभर पाणी कमी होतं, ते भरावं लागतं. पावसाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी गढूळ यायला लागलं की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास वाढतो. ते बादलीत हवेच्या पंपासह चोवीस तास ठेवते. तातडी असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे, ज्याला मासेवाले नुसतं 'अँटिक्लोर' म्हणतात.

हीटर स्वस्तातला होता. ऑगस्टमध्ये एका रात्री त्याचा आपोआप बंद होणारा भाग अडकला आणि सकाळी पाणी ३४ अंश. सुदैवाने टब तेव्हा रिकामा होता, फक्त स्पंज चालू होता. काच प्लास्टिकला टेकली होती तिथे टबाला खळगा पडला. आता बाहेरून लावायचा तापमान नियंत्रक घेतलाय आणि हीटरला जाळीचं आवरण. हे दोन्ही पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं.

सप्टेंबरमधली गोष्ट लिहायला अजून अवघड जातं. दोन पर्ल गुरामींपैकी मोठा, ठिपक्यांच्या आजारातून वाचलेला, हाताजवळ येऊन खाणारा. त्याच्या ओठांवर पांढरट कापूस दिसला. मी बुरशी समजले. टबात घेतलं, मिथिलीन ब्लू घातलं आणि ठिपक्यांच्या वेळी उपयोग झाला म्हणून तापमान ३० वर नेलं. दुसऱ्या दिवशी पाठीवर फिकट पट्टा, खोगीर घातल्यासारखा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. तो कापूस बुरशीचा नव्हताच. तो कॉलम्नॅरिस, जिवाणूंचा आजार, आणि उबदार पाण्यात तो झपाट्याने वाढतो. म्हणजे मी उपाय म्हणून जे केलं त्यानेच वेग दिला. बुरशी बहुधा आधीच्या जखमेवर येते आणि तिचे तंतू लांब, मोकळे दिसतात. हा मात्र ओठांवर आणि पाठीवर, राखाडी-पांढरा, आखूड, कडा पिवळसर असलेला. ओळख पटली नसेल तर पाणी गरम करू नका. ते २४-२५ वर ठेवा, हवा वाढवा, पाणी बदला आणि बरणीतला फोटो घेऊन जाणकाराला किंवा मत्स्यरोग जाणणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. स्वतःच्या मनाने माणसांच्या प्रतिजैविक गोळ्या चुरून टाकणं मी टाळते. मात्रा चुकते आणि स्पंजातले जिवाणूही मरतात.

दुकानातून आणलेली एक हिरवी बाटली मी फेकून दिली. 'सर्व रोगांवर' असं लिहिलेलं, आत काय आहे ते कुठेच नाही. आता कपाटात खडे मीठ, मिथिलीन ब्लू, लेव्हामिसोल, थायोसल्फेट आणि तपासणीची पेटी एवढंच असतं. मिथिलीन ब्लूने टबावर निळी झाक कायमची बसली आहे, ती घासून जात नाही. तेच काचेच्या टाकीत वापरलं तर सांध्यांचा सिलिकॉन निळा होतो, म्हणूनही टब बरा.

पुन्हा घ्यायचा झाला तर पारदर्शक आणि चाळीस लिटरचा घेईन. पाण्याचं तापमान आणि अमोनिया इतके भराभर हलणार नाहीत, बरणीचा खेळही करावा लागणार नाही. चौदा महिन्यांत या टबातून सत्तावीस मासे मोठ्या टाकीत गेले. मोठ्या टाकीत त्या पहिल्या डिसेंबरनंतर पांढरा ठिपका दिसलेला नाही.

सध्या टबात आठ नव्या कोरी आहेत. आज एकोणिसावा दिवस. त्यातली एक कालपासून मिशा थोड्या आखडून बसते, खाते मात्र नीट. अमोनिया शून्य, पाणी २५. लेकीने वहीत तारीख टाकून लिहिलंय, 'मिशी, डावी, आखूड'. रात्री जेवणं झाली की बरणीत घेऊन बघणार आहोत.